मंगलचा तुकडा

मार्गासनी, २८ सप्टेंबर

आत्या,

तुम्ही आमच्या घरी आलात त्याला आज अकरा दिवस झाले. म्हणूनच तुम्हाला हे पत्र लिहिते आहे.

मी शिवानी, तुमच्या भावाची, भिमाची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आता सतरा पूर्ण झाली, वेल्ह्याला बारावीत शिकते. बाबा गेल्याचं आजीनं तुम्हाला कळवलं होतंच. आता घरात आजोबा, म्हणजे तुमचे आप्पा, आई आणि मी. आई तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी लग्न होऊन इथं आली. त्यामुळे तुम्हाला पाहिलेलं असं घरात आप्पांशिवाय कुणी नाही, आणि आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला तयार होत नाहीत. दारात माणूस उभं राहिलं की त्यांना उजेडातला एक आकार तेवढा दिसतो.

तसाच एक आकार सतरा तारखेला सकाळी आला. त्या दिवशी ढग एवढे खाली उतरले होते की समोरचं शेतही दिसत नव्हतं. आधी पावलं ऐकू आली, मग माणसं दिसली. पुढं शिवऱ्याचे धनाजीकाका होते. हायवेला त्यांचं जमिनीच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस आहे. ओट्यावर टेकून ते म्हणाले, “सावळाराम आप्पा, तुमचं हरवलेलं माणूस आणलंय बगा.” मागची बाई पुढं झाली, आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. “आप्पा, म्या मंगल.”

बावीस वर्षं ज्यांनी घरात तुमचं नाव काढू दिलं नाही, त्या आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “जेवलीस का?”

ती सांगते की ज्या जलीलमामांसाठी घर सोडलं ते दोन वर्षांपूर्वी वारले, मूलबाळ झालं नाही, ती साताऱ्याला एका खानावळीत काम करत होती, तिथं धनाजीशेठ भेटले. शेजारच्या काकूंनी तिला बघितलं आणि म्हणाल्या, “मंगलच की. चालीवरनं कळतं.” कळलं असेल. बावीस वर्षांनी कोण कसं चालतं हे मला माहीत नाही.

आप्पा हल्ली खूप आनंदात आहेत. एक दिवसाआड दाढी करतात. सकाळी तिचा हात धरून बांधापर्यंत जातात. आंबेमोहोर निसवलाय, भाताला लोंब्या आल्यात, सगळ्या खोऱ्यात तो वास भरून राहिलाय. धुक्यातून दोघं परत येताना दिसली की मला वाटतं मी अजून जागीच झालेली नाही.

मग मी तुम्हाला का लिहिते? कारण माझ्याकडे तुमची नऊ पत्रं आहेत. गेल्या उन्हाळ्यात आजीची गोधडी उसवली तेव्हा आतल्या थरात निघाली. आजी ती शाळेतल्या बाईंच्या पत्त्यावर मागवायची. शेवटचं साडेआठ वर्षांपूर्वीचं. त्यात मिरजेचा पत्ता आहे, जलीलमामांच्या सायकल दुकानाचा, आणि लिहिलंय की समीना अकरा वर्षांची झाली, तिला गणित आवडतं.

आमच्याकडे आलेल्या बाईंना मूल नाही.

पत्ता जुना आहे. पत्र पोचलं तर एवढंच कळवा, तुम्ही कुठं आहात?

शिवानी

मार्गासनी, ६ ऑक्टोबर

आत्या,

पहिल्या पत्रात आजीबद्दल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. आजी गेली, आत्या. येत्या आषाढात नऊ वर्षं होतील. तुम्हाला कुणी कळवलं नाही, कारण तुमचा पत्ता फक्त तिलाच माहीत होता. शेवटच्या दिवसांत ती गोधडी अंगावरून काढू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं तिला थंडी वाजतेय.

तुम्ही म्हणाल, मग ती पत्रं सरळ आप्पांपुढं ठेव. रोज ठरवते. पण ती दाखवली तर आप्पांना कळेल की आजी चौदा वर्षं त्यांच्यापासून लपवत होती. ते चिडले तर उत्तर द्यायला ती नाही. आणि एकाच दिवशी त्यांची मुलगी पण जाईल आणि बायकोवरचा विश्वास पण. एवढं मला पेलवत नाही.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, “म्या सून. म्या म्हणलं ही तुमची लेक न्हाई, तर गाव म्हणंल जमिनीसाठी म्हणती. तू आप्पांचं तोंड बग आधी.”

आता जमिनीचं सांगते. तुमच्या लक्षात असेल, नदीकाठचे वीस गुंठे आप्पांनी तुमच्या नावावर घेतले होते, तुम्ही शाळेत होतात तेव्हा. गावात त्याला अजून मंगलचा तुकडा म्हणतात. तुम्ही गेल्यावर आप्पांनी तुमचा फोटो काढून टाकला, तुमची शिलाई मशीन देऊन टाकली. पण सातबाऱ्यावरचं तुमचं नाव कधी हलवलं नाही. दरवर्षी तिथं आंबेमोहोरच लावतात.

परवा धनाजीकाका आले. म्हणाले, पुण्याची एक पार्टी आहे, तिथनं राजगड समोर दिसतो म्हणून त्यांना तोच तुकडा हवाय. “मंगलताईला आधार हुईल आप्पा. अन् कचेरीत काय अडचण न्हाई. सख्खा बाप ओळख द्यायला असल्यावर कोण इचारतंय?”

आप्पा म्हणाले, “तिचं हाय. इकंल न्हाईतर ठेवील.”

तेव्हा मला उलगडलं. धनाजीकाकांना नुसती एक मंगल आणून भागणार नव्हतं. ही माझी लेक, असं म्हणणारा बाप हवा होता. आणि ज्याला नीट दिसत नाही असा बाप त्यांना मिळाला.

एक गोष्ट लिहू का नको असं झालंय. ती बाई मला आवडते. दुपारी ओट्यावर माझी वेणी घालते. तिची बोटं खरखरीत आहेत पण केस ओढत नाहीत. काल मी तिच्या गुडघ्याला टेकून झोपले, आणि जाग आल्यावर क्षणभर मला ती कोण हे आठवलंच नाही. फार बरं वाटलं होतं.

शिवानी

मार्गासनी, १३ ऑक्टोबर

आत्या,

तुमचं पत्र नाही. मी तरी लिहिते. आता तुम्हाला लिहिल्याशिवाय मला दिवस नीट लावता येत नाही.

मी एक खोटं रचलं. तांदूळ निवडता निवडता तिला म्हणाले, “आत्या, तुम्ही नऊ वर्षांच्या असताना गुंजवणीला पूर आला होता, तुम्ही वाहून चालला होतात, आप्पांनी केसाला धरून ओढून काढलं. आप्पा ते कधी बोलत नाहीत. बोलायला गेले की रडतात.” असं काही घडलेलं नाही. तुमच्या पत्रांत नाही, आजीनं कधी सांगितलं नाही. मी आंघोळ करताना ते बनवलं होतं. मला वाटलं, ती हे आप्पांपुढं बोलेल, आप्पांना कळेल ही खोटी, आणि आजीनं लपवलेली तुमची पत्रं गोधडीतच राहतील.

दोन दिवस ती काही बोलली नाही. काल दिवे लागायच्या वेळेला आप्पा ओट्यावर होते. समोर राजगड निळा झाला होता. ती त्यांचे पाय चेपत हळूच म्हणाली, “आप्पा, त्या पुरात तुमी मला केसाला धरलं नसतं, तर म्या आज कुठं असते?”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आप्पांनी नदीच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “व्हय. निळा परकर व्हता तुझा. एक चप्पल गेली वाहून.”

नदीचं ते मी माझ्या मनानं रचलं होतं, आत्या. त्यात चप्पल आप्पांनी सोडली.

मी आत जाऊन बसले. बाहेर दोघं बोलत होते, पाणी किती होतं, काठावर कोण कोण होतं. ऐकता ऐकता मलाही तो पूर दिसायला लागला. तपकिरी पाणी, निळा परकर. माझं खोटं माझ्या हातून निघून त्या दोघांचं झालं होतं. माणसाला इतकं हवं असेल तर त्याला ते खोटं आहे हे दाखवून काय उपयोग?

पण धनाजीकाकांना आप्पा नको आहेत, जमीन हवी आहे. कचेरीत खरेदीखताची तेवीस तारीख ठरली आहे.

शिवानी

मार्गासनी, २० ऑक्टोबर

आत्या,

कॉलेजच्या वाटेवर झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून धनाजीकाकांनी खरेदीखताचा कच्चा कागद माझ्याकडेच दिला. लहान पोरीला काय कळतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी दुकानाबाहेर उभी राहून सगळा वाचला, दोनदा. मोबाईलवर फोटोही काढले, आणि सोबतच्या आधार कार्डाचेही. नाव मंगल, फोटो त्या बाईंचा.

वाचताना एक गोष्ट दिसली. घेणारा कुणीतरी कुमार. विकणारी तुम्ही. ओळख देणारे आप्पा. अकरा पानांत धनाजीकाकांचं नाव एकदाही नाही.

तेवढ्यावर मला वाट दिसली. इतके दिवस मी आप्पांना पटवायच्या मागे होते. पटवायचं त्या बाईंना होतं.

काल आई कामाला गेली होती, आप्पा डुलक्या घेत होते. ती बाई भाजणी चाळत होती. मी कागद घेऊन बसले. म्हणाले, “आत्या, तुम्ही वाचलात ना हा?” ती म्हणाली, “चष्मा साताऱ्यालाच ऱ्हायला गं. वाच की तूच.” नऊ पत्रं लिहिणाऱ्या मंगलला वाचता येत नाही, हे मी मनात ठेवलं आणि वाचायला लागले. सावकाश, शाळेत वाचतात तसं.

“इथं तुमचा फोटो. इथं तुमचा अंगठा. इथं पण. आत मशीनवर परत बोटं घेतात, ती कायमची सरकारात राहतात.”

“सगळ्यांचीच घेत्यात का?”

“ज्यांची नावं आहेत त्यांची. तुमची, आप्पांची, घेणाऱ्याची.”

“अन् धनाजीशेठ?”

“त्यांचं नाव कुठंच नाही.”

तिनं चाळण थांबवली. “कुठंच न्हाई? बग नीट.”

मी परत पहिल्यापासून चाळून दाखवलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, “आप्पांना दिसत नाही. त्यापेक्षा ओळखीला धनाजीकाकांनीच सही केली तर बरं. तुम्हाला शोधून त्यांनीच तर आणलं. तुम्ही म्हणालात तर नाही कशाला म्हणतील?”

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटतं तिला कळलं की मला कळलंय. भाजणीचं पीठ उन्हात हळूहळू खाली बसत होतं. तिनं फक्त विचारलं, “समज, अंगठा दुसऱ्याच बाईचा निगाला, तर कोनाला धरत्यात?”

“अंगठा जिचा, तिला.”

शिवानी

मार्गासनी, २४ ऑक्टोबर

आत्या,

काल वेल्ह्याला गेलो. धनाजीकाकांच्याच गाडीतून. पुढं ते आणि आप्पा, मागं आई, ती बाई आणि मी. वाटेत कापणी सुरू झालेली. त्या बाईनं माझा हात धरला होता, किंवा मी तिचा.

कचेरीत आधी दुसऱ्यांचं काम चाललं होतं. समोरच्या टपरीवर चहा घेतला. तो कुमारही येऊन थांबला होता. मी काही बोलणार नव्हते, तसं ठरवलं होतं. मला भीती होती की तीही बोलणार नाही. कप अर्धा झाला तेव्हा ती म्हणाली, “शेठ, माज्या ओळखीला तुमीच सही करा. आप्पांना दिसत न्हाई.”

धनाजीकाका हसले. “मी मध्यस्थ. मध्यस्थाची सही चालत न्हाई.”

मी म्हणाले, “आतल्या क्लार्कना मी विचारलं काका. माणूस ओळखीचं असलं की झालं. आधार कार्ड पाहिजे फक्त.”

“ते घरी ऱ्हायलं.”

त्यांच्या गाडीत पुढच्या काचेखाली ते कार्ड असतं. टोलनाक्यावर इथलेच आहोत हे दाखवायला ठेवतात. मार्गासनीपासून मी सीटच्या फटीतून तेच बघत आले होते. गाडी उघडीच होती. मी जाऊन कार्ड आणलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. कपाकडे बघून म्हणाले, “पोरी, मोठ्यांच्या कामात तुजं काय?”

ती म्हणाली, “तिला ऱ्हाऊ द्या. एक सही करा शेठ. म्या तर चार ठिकानी अंगठा देनारे.”

ते कुमारकडे बघायला लागले, मग रस्त्याकडे. तेवढ्यातच तिला सगळं उत्तर मिळालं असावं. ती उठली आणि आप्पांच्या पुढं मातीतच बसली.

“आप्पा, म्या मंगल न्हाई. म्या साळूबाई. शिवऱ्याला धाब्यावर भाकऱ्या थापते. मला म्हणले, म्हातारा हाय, दोन म्हैने लेक म्हून ऱ्हायचं, मग खोली घेऊन देतो. माजं कोन न्हाई म्हून म्या आले. अंगठा न्हाई देत.”

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. धनाजीकाका आणि कुमार दोघं भोरच्या दिशेनं गेले, आणि घाईत कार्ड माझ्याच हातात राहिलं. तेच कार्ड, मोबाईलमधले फोटो आणि साळूबाईंना घेऊन आई आत गेली. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, पोलिसांना बोलावलं. साळूबाईंनी जबाब दिला. हाक मारली की यायचं असं सांगून त्यांना सोडलं. धनाजीकाकांचं ऑफिस कालपासून बंद आहे, पोलीस त्यांना शोधतायत.

पण तुम्हाला आप्पांचं ऐकायचं असेल.

साळूबाई बोलल्या तेव्हा ते हलले नाहीत. पोलीस आले, गेले, तरी त्याच बाकावर. शेवटी साळूबाई पिशवी घेऊन निघाल्या तशी म्हणाले, “जेवून जा.” मग जरा थांबून, “कापनी झाल्यावर जा. आता एष्टीला गर्दी असती.” गर्दी काही नसते. त्या आमच्याबरोबर परत आल्या.

एसटीत मी आप्पांशेजारी बसले. विचारलं, “आप्पा, ती चप्पल?” मला वाटलं होतं, ते म्हणतील मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ते म्हणाले, “मला पूर काय आठवंना. वाटलं, म्याच इसरलो आसंन. बाप आसून इसरलो म्हनायची लाज वाटली. म्हून चप्पल लावली.”

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. पूर मी रचला होता हे सांगितलं, आणि पत्रांचंही. ती मी काल पिशवीत बरोबरच नेली होती. घरी न जाता ते सरळ मंगलच्या तुकड्यावर गेले. बांधावर बसून मला म्हणाले, वाच. नऊच्या नऊ वाचली. बाबा गेल्यावर तुम्ही लिहिलेलं पत्र तीनदा वाचायला लावलं. आजीवर चिडतील म्हणून मी भीत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “मंग तिनं लिवलेली कुठं हायती?”

“आत्याकडं असतील.”

“ती बी वाचाय पायजेत,” ते म्हणाले. सूर्य राजगडाच्या मागं गेला होता, भात एकाच वेळी सोनेरी आणि काळं दिसत होतं. आप्पा तिकडं तोंड करून बसले होते. “डोळ्याचं ऑपरेशन भोरला हुतं का पुन्याला जावं लागतं?”

हे सगळं मी नीट लिहिलंय की नाही माहीत नाही. आज पहिल्यांदा मला तुझा राग आला. एक पोस्टकार्ड तरी टाकायचंस.

शिवानी

मिरज, ३० ऑक्टोबर

शिवानी,

मी समीना. तुझी पाचही पत्रं पोचली. दुकान तिथंच आहे, अब्बाही तिथंच आहेत. ते म्हणतात, दोन वर्षांपूर्वी मी वारल्याचं मला कुणीच कळवलं नाही. तुझ्या पत्रातलं तेवढंच वाक्य ते पुन्हा पुन्हा वाचून हसतात. बाकीचं वाचलं की उठून दुकानात जातात आणि चाकाला हवा भरत बसतात.

तुझा राग खरा आहे. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी आईला म्हटलं होतं, फोन नंबर घालून उत्तर टाकू, पोलिसांना कळवू. आईनं पत्र माझ्या हातून घेतलं. त्यात तू लिहिलं होतंस, आप्पा हल्ली खूप आनंदात आहेत. आईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, “मी गेले तेव्हा त्यांच्याकडनं सगळं घेऊन गेले. आता कुणीतरी परत दिलंय, ते मी जाऊन हिसकावू?” मी म्हटलं, ती बाई चोर आहे. आई म्हणाली, “त्यांना हात धरून बांधावर नेते ना?”

दुसऱ्या पत्रात आजी गेल्याचं होतं. त्यानंतर आईनं पुढचं पान आठ दिवस उलटलं नाही. आजीची पत्रं अचानक थांबली तेव्हा तिला वाटलं होतं, आजीनंही आता तिला सोडलं. आठ वर्षं ती आजीवर रुसून होती. मग जमिनीचं वाचलं. “जाऊ दे जमीन,” म्हणाली. सातबाऱ्यावर तिचं नाव अजून आहे हे तिला माहीतच नव्हतं. तुझ्या पत्रातलं ते पान तिनं तुला परत पाठवायचं नाही म्हणून सांगितलंय, ते तिच्याकडेच राहणार.

पुराचं पत्र वाचताना मात्र मी तिला पहिल्यांदा तसं रडताना पाहिलं. म्हणाली, “असं झालं असतं तर बरं झालं असतं गं.”

रविवारी आम्ही तिघं निघतोय. अब्बा म्हणतात मी स्वारगेटलाच थांबतो, आप्पांनी बोलावलं तर पुढं येतो. आजीची पत्रं आईनं पिशवीत घातलीत, तेवीस आहेत, ती वाचून दाखवायला तू हवीस, आईचा आवाज टिकणार नाही.

आणि आईनं विचारलंय, साळूबाई अजून आहेत ना? असतील तर त्यांना जाऊ देऊ नकोस. एवढ्या वर्षांनी आप्पांच्या पायांशी जाऊन बसायचं कसं, ते आधी त्यांना विचारायचंय, म्हणते.

समीना